दिसेनाशी होईपर्यंत

...नाही, मी म्हणतो, त्या दिवशी धुकं पडायला काय झालं होतं? एरवी मार्चमध्ये आमच्या ओगुशी बेटावर असं धुकं पडतं की गिऱ्हाईक निघतं माझ्या दारूच्या दुकानाकडं आणि जाऊन बसतं शेजारच्या न्हाव्याकडं! आणि धुकं असलं म्हणजे निरोप कसा झटपट आटपतो... भोंगा वाजला, बोट सुटली, पाच हात लांब गेली की गडप! वाका, हात हलवा, चला घरी जेवायला! पण त्या दिवशी? तुम्हाला सांगतो, समुद्र असा लख्ख, असा लख्ख, की पलीकडच्या डोंगरावरची झाडं मोजून घ्यावीत. आणि आमच्याकडं रीतच आहे, पाहुणा दिसतोय तोवर हलायचं नाही! माणूस असो, गाडी असो, बोट असो... त्याचा ठिपका होऊ दे, त्या ठिपक्याचा नुसता संशय उरू दे, पण दिसतोय तोवर हलायचं नाही. आणि आमची ती म्हातारी बोट! ती कासवाला वाट देत जाते हो!

आता तुम्ही म्हणाल, एवढं चाललं होतं तरी कोण? अहो, अध्यक्ष! म्हणजे अध्यक्ष मीही आहे. आमच्या ओगुशी-आयर्लंड सांस्कृतिक मैत्री मंडळाला अध्यक्ष दोन. जपानी बाजूचा मी, शिगेओ मिझोगुची, राहणार दुकानाच्या मागं, आणि आयरिश बाजूच्या डर्व्हलाबाई. आयरिश बाजूला बाई एकट्याच. अध्यक्ष त्याच, सभासद त्याच, विरोधी पक्षही त्याच! तरुणपणी इथल्या शाळेत एक वर्ष इंग्रजी शिकवायला म्हणून आल्या, आणि राहिल्या त्या राहिल्याच. मंडळ त्यांनीच काढलं. आमच्या कोळणींना त्यांनी आयरिश नाच शिकवला. हात अंगाला चिकटवायचे, चेहरा सरळ ठेवायचा आणि नाचायचं ते फक्त पायांनी. आमच्या बायका म्हणाल्या, ‘एवढंच ना? हात आवरून सरळ चेहऱ्यानं उभं राहणं, ते तर आम्ही जन्मापासून करतोय!’ दर मार्चला, त्यांच्या आयरिश सणाला, हिरवे पट्टे बांधून आमची मिरवणूक निघते, धक्क्यापासून देवळापर्यंत... मिरवणुकीत सगळं गाव, आणि बघायला फक्त मांजरं!

पण खरी गंमत मिरवणुकीत नव्हती हो. खरी गंमत बाईंच्या स्वयंपाकघरात. मंडळाची सभा तिथं व्हायची. सभा आटपली, माणसं पांगली, की मी जरा मागं रेंगाळायचो आणि बाई आपल्या बेटाबद्दल बोलायच्या. त्यांचंही बेटच, तिकडं पार पश्चिमेला. पाऊस म्हणे आडवा पडतो. शेताच्या दगडी भिंतींना मुद्दाम फटी ठेवतात, वारा जायला. वाऱ्याला अडवलं तर तो भिंत पाडतो, जाऊ दिला तर पुटपुटत निघून जातो. गाढवं त्या भिंतीवरून माना काढून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत बसतात... मी कधी गेलो नाही हो तिकडं. अध्यक्ष असून आयर्लंड पाहिलेलं नाही, बोटीनं पलीकडच्या बंदरापर्यंत गेलो तरी माझं पोट ढवळतं! पण त्या बोलायला लागल्या की खिडकीतला आमचाच समुद्र मला वेगळा दिसायचा. वाटायचं, ही दोन बेटं म्हणजे दोरी सोडलेल्या दोन होड्या, पाण्यावर हळूहळू, कुणाच्या नकळत, एकमेकींकडं सरकताहेत... कपातला चहा गार व्हायचा. मग मी भानावर येऊन म्हणायचो, ‘निघतो आता.’

की बाई लगेच, ‘बसा!’

‘नको, उशीर झालाय.’

‘बसा हो, कुठं आग लागलीय?’

‘ताई वाट बघत असेल.’

‘बसा म्हणते ना!’ आणि कपात चहा!

तीनदा. दर वेळी तीनदा. दोनदा नाही, चारदा नाही. आणि मी काय समजत होतो माहितीये? मी समजत होतो, किटलीत चहा उरलेला असताना पाहुण्यानं उठू नये असा त्यांच्याकडं नियम असावा! मंडळाच्या सभेत मी तसं भाषणही ठोकलं होतं, ‘आयरिश माणूस चहा वाया घालवत नाही!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पण वाजवल्या. हसू दाबून वाजवत होत्या, हे आत्ता कळतंय.

तर जानेवारीतली सभा. थंडीमुळं त्या खेपेला माझ्या दुकानात, पाय शेगडीवरच्या रजईत घालून. विषय संपले आणि बाई अचानक म्हणाल्या, ‘मी आता निघावं म्हणते. कायमची. भावाचं घर तिकडं रिकामं पडलंय.’ आणि असं म्हणून माझ्याकडं बघितलं. मी कपाकडं बघितलं. रिकामाच कप तोंडाला लावला! आमच्याकडं काय, एखादा जातो म्हणाला की त्याला अडवणं म्हणजे उद्धटपणा. तो विचार करूनच म्हणाला असणार ना? तुम्ही कोण मोडता घालणारे? अडवायचं नाही. वाईट वाटलं म्हणायचं, आणि निरोप असा द्यायचा की सात पिढ्यांनी नाव काढलं पाहिजे! मी मान खाली घालून म्हणालो, ‘फार वाईट वाटतंय... धक्क्यावर बँड ठेवू या!’

बँड! तोंडातून निघालं काय, तर बँड!

आणि मग मंडळ जे काही कामाला लागलं म्हणता! पुढच्या सभेत बाई म्हणतात, ‘सामान फार आहे, एवढं न्यायचं म्हणजे...’ तर आमचे खजिनदार काजितानी, बंदराच्या कचेरीत असतात ते, ताडकन उठले, ‘खोकी माझ्याकडं लागली!’ दुसऱ्या दिवशी खोकी, सुतळी, वर नावाच्या चिठ्ठ्या! त्याच्या पुढच्या सभेत बाई म्हणतात, ‘पण मांजर...’ झालं! मांजराला सांभाळायला घरांच्या पाळ्या लागल्या, मासा कुणी द्यायचा, खाजवायचं कुणी! मग बाई म्हणतात, ‘या वयात एवढा प्रवास झेपतो की नाही...’ तर आमच्या डॉक्टरांनी तपासून छातीठोक सांगितलं, ‘अगदी ठणठणीत! दोनदा जाऊन याल!’ बाईंनी जी जी अडचण काढली, ती ती आम्ही सोडवली. काय ते सौजन्य! काय तो उत्साह! आणि मी रात्री अंथरुणात पडलो की मला ती दोन बेटं दिसायची... आता उलटी चाललेली. लांब, लांब.

तर तो दिवस. धक्क्यावर अख्खं गाव. हिरवे पट्टे, बँड, शाळेची पोरं. आणि आमच्याकडं बोटीतल्या माणसाच्या हातात कागदी फितीचं भेंडोळं देतात, टोक धक्क्यावरच्यांनी धरायचं, बोट निघाली की फीत उलगडत जाते. बाईंच्या हातात ही एवढी रंगीबेरंगी भेंडोळी, आणि हिरव्या फितीचं टोक माझ्या हातात. भोंगा वाजला. बोट सुटली. फिती अशा पाण्यावर झुलायला लागल्या, ऊन त्यातून गळतंय, आवाज सगळे लांबून आल्यासारखे... मला वाटलं मी हे झोपेतच बघतोय, आत्ता ताई हाक मारील, दुकान उघड म्हणून.

आणि खरंच ताईनं हाक मारली. आमची किनुएताई, माझी थोरली बहीण, मंडळाची सचिव. शेजारी उभी, चेहरा सरळ, हात हलतोय, आणि ओठ न हलवता मला म्हणते, ‘शिगे, तू मूर्ख आहेस.’

मी म्हटलं, ‘आता काय केलं?’

‘तिला जायचं नाहीये.’

‘काय?’

‘तू तिच्या घरी निघतो म्हणायचास, तेव्हा निघायचास का?’

‘नाही. ती बसा म्हणायची.’

‘आणि ती निघते म्हणाली तेव्हा तू काय म्हणालास?’

तुम्हाला सांगतो, तीन महिने! तीन महिने बिचारी निघते, निघते, निघते म्हणून वाट बघत होती, कुणीतरी दटावून खाली बसवील म्हणून, आणि आम्ही खोकी बांधत होतो! मैत्री मंडळ! सांस्कृतिक! मी ताईला म्हटलं, ‘अगं, मग आधी नाही का सांगायचं?’ तर काय म्हणाली? ‘मी सचिव. अध्यक्ष बोलल्याशिवाय सचिवानं बोलायचं नसतं.’

मी ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नाही, असा बेंबीच्या देठापासून ओरडलो, ‘बसा! खाली बसाऽऽ!’ शाळेची पोरं बसली. बँड बसला. मागची म्हातारी मंडळी गुडघे धरत धरत ‘काय झालं, भूकंप का?’ करत बसली. आणि बाई? बाईंनी कठड्यावरून मान हलवली, नको नको, आणि हात हलवला. पुन्हा ओरडलो, ‘बसा होऽऽ!’ पुन्हा नको नको. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला... दोनदा झालं! दोनदा म्हणजे नुसता शिष्टाचार. तिसरा खरा! तोंड उघडलं, तेवढ्यात भोंगा वाजला, बसल्याबसल्या बँडनं सूर धरला, आणि फटाफट फिती तुटायला लागल्या. हिरवी फीत हातात ताणली, ताणली... आणि सुटली. मी ओरडतोय, ते मलाच ऐकू येत नाही.

आता पुढं काय? काजितानींच्या कचेरीत कर्णा आहे, बोटीच्या वेळा पुकारायचा. पण कचेरी धक्क्याच्या त्या टोकाला, आणि बोट समोर दिसतेय. दिसतेय तोवर हलायचं नाही! पाहुण्याच्या देखत यजमानानं पाठ फिरवायची? तीही अध्यक्षानं? ओगुशी बेटावर असं कधी झालेलं नाही. माझ्या वडिलांच्या पायाला निरोपाच्या वेळी खेकडा डसला होता, ते हलले नव्हते! सगळं गाव बघतंय, बाई बघताहेत, बोट लहान होतेय, समुद्र असा संथ, चकाकणारा, जणू काही घडतच नाहीये... आणि मी वळलो.

पळालो हो! पाठ फिरवून पळालो! मागं गावानं श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. कुणीतरी म्हणालं, ‘लाज नाही?’ नव्हती. धापा टाकत कचेरीत शिरलो, कर्ण्याचं बटण दाबलं आणि त्यावरून, अख्ख्या बेटाला, डोंगराला, माशांना ऐकू जाईल असं... ‘बसा म्हणतो ना!’

बेटावर म्हणे ज्यानं त्यानं हातातलं टाकून बसून घेतलं. न्हाव्याचं गिऱ्हाईक आधीच बसलेलं होतं, ते उठून पुन्हा बसलं.

बाहेर आलो तर बोट तांदळाच्या दाण्याएवढी. बाईंना ऐकू गेलं की नाही, काय कळणार? मग दाणाही विरला. माणसं माझ्याकडं न बघता घरी गेली. नियम संपला होता, दिसत काहीच नव्हतं, पण माझे पाय काही हलेनात. लाटा येत होत्या, जात होत्या. पाण्यावर त्या तुटक्या फिती रंग सोडत होत्या. मला एकदा वाटलं, समुद्रातून एक दगडी भिंत वर आलीय, तिच्या फटींतून वारा पुटपुटतोय, आणि एक गाढव मान काढून माझ्याकडं बघतंय... ताईनं येऊन भाताचा गोळा हातात ठेवला. तिच्या बाबतीत हे भूकंपाहून मोठं.

संध्याकाळी तीच बोट परत आली. भाजीच्या पेट्या उतरल्या, टपाल उतरलं, आणि त्यांच्या मागून बाई. जशाच्या तशा, गळ्यात हिरवा पट्टा. कप्तान कपाळाला हात लावून म्हणाला, ‘मिझोगुची, तिकडच्या बंदरात सगळे उतरले, ही बाई खुर्चीवरून उठायलाच तयार नाही! म्हणते, मला बसायला सांगितलंय!’

बाई माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, ‘एवढा वेळ लागतो का हो तिसऱ्यांदा म्हणायला?’ मला रडू फुटलं. अहो, धक्क्यावर, भाजीच्या पेट्यांमध्ये उभा राहून मी ढसाढसा रडलो, आणि रडता रडता तोंडातून काय निघालं? ‘बँड घरी गेलाय हो, स्वागताला...’

आता तुम्हाला वाटेल, झालं, गोड झालं. कशाचं काय! आता रोज संध्याकाळी बाई दुकानात येतात, जरा टेकतात, आणि म्हणतात, ‘निघते.’ की मी, ‘बसा.’ ‘छे, निघते.’ ‘बसा हो.’ ‘उशीर झालाय.’ ‘बसा म्हणतो ना!’ दोनवर थांबायची हिंमत नाही आता, गिऱ्हाईक दारूसाठी ताटकळत असलं तरी तीन म्हणजे तीन! आणि हे बघून आमच्या किनुएताईला काय सुचावं? ‘उभ्या जन्मात या घरात मला कुणी बस म्हणालं नाही,’ म्हणून तिनंही सुरू केलंय, ‘शिगे, मी निघते रे वर झोपायला.’ मग तिलाही तीनदा! दोघी बसतात, चहा ओतून घेतात, माझ्याच मूर्खपणाच्या गोष्टी एकमेकींना सांगून हसतात, आणि दुकानात खुर्च्या किती? दोन! म्हणजे बसा बसा करून घसा कोरडा करणारा मी, आणि उभा कोण? मीच! परवा न राहवून विचारलं, ‘अहो, मला पण म्हणा की कुणीतरी, बसा म्हणून!’ तर बाई काय म्हणाल्या? ‘त्यासाठी आधी निघतो म्हणावं लागतं.’

आता दुकान माझं, घर माझं... मी निघून जाऊ कुठं?