मधली जागा

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारी आई आणि मुलगा बसले होते. लॅपटॉप मुलाच्या मांडीवर उघडा होता.

"बाबांच्या लॅपटॉपवर विंडो, म्हणजे या खिडक्या, फरशांसारख्या शेजारी शेजारी बसतात, आई. नवी उघडली की बाकीच्या अंग चोरून तिला जागा देतात. बंद केली की पसरतात."

"मग ही मधली जागा रिकामी का?"

"रिकामी नाही. तिथली खिडकी बाबांनी पूर्ण पारदर्शक केली होती. आरपार मागचं चित्र दिसतं, एवढंच."

"म्हणजे आहे, पण दिसत नाही."

"झालं तुझं सुरू. बाबा जाऊन वर्ष होत आलं आणि तू त्या चौकोनाशी गप्पा मारतेस. म्हणून तर सगळं पुसायला आणलंय."

"गप्पा कसल्या? चहा झाला, एवढंच सांगते."

"बघ, तुझ्यासमोर बंद करतो ती खिडकी. केली."

"बाकीच्या पसरल्या?"

"पसरतील."

"कुठे? मधली जागा तर तशीच आहे."

"थांब, पुन्हा बंद करून बघतो."

"राहू दे. बसल्यात ना जागा देऊन, बसू दे."

"पुढचं कोण?" काउंटरवरून हाक आली.

"काका, तुम्ही जा," मुलगा मला म्हणाला. "आमचं अजून ठरत नाहीये."