थांबवायचा शब्द

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणकाकू बोटाच्या पट्टीसाठी थांबल्या होत्या. मागच्या बाकावर एक नवरा-बायको कुजबुजत होते.

“आपल्या खेळात तुझ्या हाताला दोरी मी बांधली, पण थांबवायचा शब्द तुझ्याकडे होता. दोघांनी मिळून ठरवलेला. का नाही बोललास?”

“तू रंगात आली होतीस.”

“अरे, दोनदा विचारलं, हाताला मुंग्या येतायत का? ‘नाही, बाईसाहेब’ म्हणालास!”

“तुझा हिरमोड झाला असता.”

“त्या एका शब्दाच्या भरवशावर मी हुकूम सोडते रे. तूच खोटं बोललास, तर मी कोण झाले?”

“घाबरू नकोस. होईल हात नीट.”

“बोटं हलव बघू.”

“हलवतोय की.”

काकूंनी हळूच मागे वळून पाहिलं. त्याची बोटं मांडीवर निपचित पडली होती, आणि बायको त्या बोटांकडेच बघत होती.