गजाआडचा मामा

नाय नाय, मी खाली येत नाय, तुमीच वर ओटीवर या, चपला तिकडंच काढा... अरे मला काय हौस हाय काय घर धरून बसायची? आत पोरगी अभ्यास करते, हन्ना, डेन्मार्कची, न् ती घरात एकटी असली की मला ही पायरी उतरायची बंदी हाय! तुमाला सांगतो, अर्धं आयुष्य मी मिठागरावर काढलं, मीठ धरंस्तवर गप बसून राहायचं हे मला कोनी शिकवायला नको, पन मीठ आठ-पंधरा दिवसांत धरतं तरी! ही पोर वर्षभर हाय. नियम पोरीचे, न् दावं माझ्या गळ्यात!

आता तुमी विचाराल, डेन्मार्कची पोर शिरवन्यात कशी? अहो अदलाबदल! आमची नात रंजिता तिकडं गेली शाळेला, वर्षभर परक्या घरात राहायचं, त्यांचं खायचं, त्यांच्यासारखं बोलायचं, न् तिकडची एक पोर आपल्याकडं. हरेश बोलला, हरेश म्हंजे माझा पोरगा, रंजिताचा बाप, "बाबा, नुसतं जेवनार न् शाळेत जानार, टेन्शन काय नाय." टेन्शन नाय! मंग आली त्या संस्थेची सुमेधा मॅडम, गोड बाई, चष्मा डोक्यावर, न् मांडीवर नियमांचा हा एवढा गठ्ठा. पोरीनं मोटरसायकलवर मागं बसायचं नाय. दुसऱ्याच्या घरी झोपायचं नाय. जिथं दारू हाय तिथं पाय ठेवायचा नाय. खोलीच्या दाराला आतून कडी पायजे, भायेरच्या दाराला कुलूप पायजे. आता आमच्या घराला दारं हायत, पन दिवसाउजेडी दार लावतो कोन? कुलूप बसवायला सुतार आला तर समोरची प्रेमला गॅलरीतून वरडते, "देवजीकाका, वाटन्या झाल्या काय?"

न् सगळ्यात शेवटचा नियम... घरात एक जबाबदार मोठा मानूस पायजे. मॅडम विचारते, "दिवसभर घरी असणारं आणि दारू न घेणारं कोण आहे?" सोनल, माझी सून, पालिकेच्या दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी कधी सकाळची, कधी संध्याकाळची. ऱ्हायला हरेश. हरेशनं पंख्याकडं बघितलं. मंग सोनलनं हरेशकडं बघितलं. न् मंग सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं! अहो ही माळ मी देवासाठी घातली का डेन्मार्कसाठी? जन्मात थेंब घेतला नाय, मासळी सोडली, आगरी मानसानं मासळी सोडली, खाऊ हाय काय? न् ते सगळं पुन्य असं अंगाशी आलं! नियम पोरीचे, न् दावं माझ्या गळ्यात!

बरं, मला लिवता-वाचता येत नाय. नियम पाठ कसे करायचे? मंग सोनल वाचायची न् मी ते भजनाच्या चालीत बसवायचो. तुमी हसा, पन चालीत बसलं की इसरत नाय! टाळ घेतले, न् "गर्दी दिसली दार लाव, दारू दिसली दार लाव, मोठ्या मानसाला सोडू नको गं बाय, सोडू नको..." हन्नाला एवढं आवडलं, रोज संध्याकाळी माझ्यासमोर मांडी घालून बसायची, न् टाळ तिच्याच हातात! "आयोबा, वन्स मोअर!" आजोबा नाय येत तिला, आयोबा. मॅडमला पन म्हनून दाखवलं तिनं. मॅडम खूश! "काका, तुम्ही तर कमाल केलीत." कमाल! अहो बोकडानं सोताच सुरीला धार लावली, हे मला तवा कुठं ठावं?

आता ऐका. माझी बहीन जाईबाई, इथंच बाजूच्या पावने गावात दिलेली, आमच्यातलं शेंडेफळ, मी तिला खांद्यावर वागवलंय. तिचा तेजस, त्याचं लगीन. न् तुमाला ठावं हाय, आमच्यात मामानं हात धरून पाटावर बसवल्याबिगर नवऱ्याला हळद लागत नाय. न् मामा किती? एक! हे गजाआडचं भूत, मीच!

मी बोललो, हन्नाला संगती नेतो, पोर हळद बघंल, नाचंल. मॅडमला फोन लावला. मॅडम बोलली, "हो हो, संस्कृती बघायलाच आली आहे ती. फक्त काका... तिथे मद्य असेल का?" हरेश समोरून मुंडी हालवतो, नाय बोला, नाय बोला! आता गळ्यात माळ, न् तोंडानं खोटं? मी बोललो, "मॅडम, मांडवात नसंल." "म्हणजे?" "म्हंजे... मांडवाच्या मागं असंल." झालं! परवानगी गेली. हरेशनं कपाळ बडवलं, "बाबा, एक दिवस माळ काढून ठेवली असती तर?" आन् वर काय सांगतो, "नियम मोडला तर हन्नाला परत पाठवनार, न् अदलाबदल हाय ती, तिकडून रंजिता पन परत येनार. पोरीचं वर्ष जाईल, बाबा!" आता रंजिता... ती पोर विमानात बसताना माझ्या गळ्यात पडून सांगून गेली, आजोबा, मला तिथं टिकायचंय. मी कसा नियम मोडू? न् बहिनीची हळद तरी कशी मोडू?

मंग हरेशनंच तोड काढली. "सोनलची संध्याकाळची ड्युटी हाय, रजा मिळत नाय, तर मी थांबतो घरी, न् मॅडमला सांगतो मी आज घेनार नाय. तुमी जा." मला भरून आलं हो! मी धोतर नेसलो, टोपी घातली, आहेर पिशवीत भरला... न् हरेशचा फोन वाजला. डीजेवाल्याचा जनरेटर बंद पडला. "बाबा, पाच मिन्टात आलो." अहो, हळदीच्या मांडवातनं पाच मिन्टात कोनी परत आलाय? एक मानूस दाखवा! पावन्याला गेला तो गेलाच. मी फोन लावतो, तर फोनात नुसतं धडाम धडाम, न् मधनंच "बाबाऽऽ, निघालोऽऽ!" निघालो म्हनतोय न् मागनं शिट्ट्या!

मी ओटीवर. धोतर, टोपी, पिशवी. हन्ना माझ्या बाजूला. तिकडून जाईबाईचा फोन. "दादा, कुठं हायस? पोरगा उघड्या अंगानं बसलाय, बायका हळद वाटून बसल्यात." मी सांगितलं, "बाय, माझी वाट बघू नको, मला उतरायला येत नाय." "का? पाय मोडला?" "नाय गं, नियम हाय." "कसला नियम? बहिनीच्या दारात यायला डेन्मार्कची परवानगी लागते तुला?" न् रडायला लागली. मंग नाक वढून बोलली, "मामा येत नाय ना? मंग हळद मामाकडं येनार!"

मला वाटलं रागानं बोलते. अहो, ती जाईबाई हाय! थोड्या वेळानं बघतो, हायवेकडनं उजेड. टेम्पो, रिक्षा, गानी म्हननाऱ्या धवलारनी, बेंजो, आन् सगळ्यात पुढं कमरेवर हात ठेवून नाचतोय कोन? हरेश! जनरेटर दुरुस्त करायला गेलेला! म्हंजे ज्या ज्या गोष्टीपासनं पोरीला लांब ठेवायचं होतं, त्या सगळ्या वाजतगाजत आमच्या दारात!

मी उठलो, पिशवी उचलली, पायरीवर एक पाय ठेवला... न् माझं मनगट धरलं. हन्ना! "आयोबा. गर्दी!" मी बोललो, "बाय, आपलीच मानसं." तिनं हरेशकडं बघितलं. "आयोबा. दारू!" न् चालीत, बरं का, माझ्याच चालीत, "मोठ्या मानसाला सोडू नको गं बाय..." मला आत वढलं, दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात! दुसरी किल्ली कुठं? सोनलच्या पर्समध्ये, दवाखान्यात!

भायेरनं हरेश, "हन्ना, ओपन! आय हरेश अंकल!" ही खिडकीतनं वास घेते. "अंकल, यू ड्रिंक?" "नो नो! ओन्ली थोडा!" "सॉरी अंकल. नियम."

किल्ली मागितली मी. नाय कशी मागनार? पन भायेर फटाका फुटला न् मी बघितलं, तिनं किल्लीचा खिसा दोन्ही हातांनी दाबून धरला. मला बोलली, "दार उघडलं... हन्ना घरी. रंजिता घरी." म्हंजे तिला पन कोनीतरी तेच सांगितलेलं! परक्या मुलखात असंच कुठंतरी कुलूप लावून माझी पोर बसली असंल... मी पिशवी खाली ठेवली न् बसलो.

तर जाईबाई खिडकीशी आली, पदर खोचला, न् हुकूम सोडला, "पाट हितं मांडा!" खिडकीखाली पाट. मी गजातनं हात भायेर काढला, तेजसनं धरला, न् मी त्याला पाटावर बसवला! बेंजो वाजला, धवलारनी गायला लागल्या, आहेर एकेक करून गजातनं भायेर, नारळ तेवढा जाईना, तो आत फोडला न् खोबरं दिलं! बहिनीनं गजातनं माझे गाल पिवळे केले. मंग हन्नानं पन गजाला तोंड लावलं, तिला पन लावली. प्रेमला गॅलरीतून, "काका, जामीन कधी हाय?"

मॅडमला दुसऱ्या दिवशी समजलं. मला वाटलं संपलं. तर ती बोलते, "काका, एकही नियम मोडला नाही! हे आम्ही सगळ्या घरांना सांगणार." घ्या! म्हंजे आता गावोगावचे म्हातारे मला शिव्या देनार. नियम पोरीचे, न् दावं...

जाऊ दे. रंजिताचा फोन आलेला, ते सांगायचंच ऱ्हायलं. बोलली, "आजोबा, इकडं पन तसंच. घरातले सगळे जत्रंला गेलेत, तिथं बियर असते म्हनून मला नेलं नाय. घरातले आजोबा थांबलेत माझ्यासाठी." मी इचारलं, "काय करतो तो?" "काय नाय, बसलाय. मधून मधून खिडकीतनं बघतो." माझा जीव तुटला हो! मी इचारलं, "गं बाय, खिडकीला गज तरी हायत काय?" "नाय आजोबा, इकडं गज नसतात. दार पन उघडंच हाय."

गज नाय, कुलूप नाय, दार सताड उघडं, न् तरी बसलाय?... मंग तो माझ्याहून कामातून गेला!