तळातली खडी

इंदापूर-बारामती एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक आजोबा आणि त्यांची सून बसली होती. तिच्या मांडीवर वाळूची पिशवी होती.

"संस्कृती, वाळू कशाला गं?"

"फिशटँकला, आबा. तळातली खडी काढून ही घालायची."

"मासं तर परवाच आनलं म्हनालीस."

"म्हणून तर निम्मीच काढायची. जुन्या खडीमुळं पाणी त्यांना मानवतं. सगळी एकदम बदलली तर मासे दगावतात."

"व्हय का."

"तुमच्या खोलीत मात्र सगळं नवंकोरं घेतलंय. पलंग, गादी, कपाट. गावाकडचं काहीच लागणार नाही."

"बरं."

अंथुर्णे मागं पडलं. तिनं मांडीवरच्या वाळूकडं पाहिलं, मग आबांकडं.

"आबा, रविवारी हे गाडी घेऊन गावाकडं जातील. तुमचं काय काय आणायचं?"

"लई न्हाय. निम्मंच आना."