रॅकवरचा लाल दिवा

मंद्रूपच्या टेलिफोन एक्स्चेंजवर रुजू झाले तेव्हा मला एकच नियम सांगितला होता बघ. रॅकवरच्या, म्हणजे फोनच्या यंत्राच्या कपाटावरच्या, लाल दिव्याबद्दल विचारायचं नाही. तरी मी विचारलंच. तिथले जुने कर्मचारी बिराजदारकाका म्हणाले, “तो पहिल्यापासनं लालच हाय. काम चालतंय न्हवं?”

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रॅक दोनदा बंद पडून आपोआप सुरू झाला. दोन्ही वेळा आसपासच्या गावांचे फोन गेले. मी मीटर घेऊन मागे गेले. रॅकला विजेच्या दोन लाइन असतात, एक गेली तर दुसरी सांभाळते. पहिलीचा स्क्रू सैल झाला होता. दुसरीवर शून्य व्होल्ट.

दुसरीचं झाकण उघडलं तर आत हळदकुंकवाचा थर, त्याखाली नारळाच्या पाण्यानं हिरवा पडलेला स्क्रू. दरवर्षीची पूजा तिथंच व्हायची.

मी बघतच राहिले. इतकी वर्षं हे यंत्र एका पायावर उभं होतं आणि सगळ्या गावांचं बोलणं वाहत होतं. कुरकुर म्हणून फक्त एक लाल दिवा.

दुसरी लाइन घासून जोडली, दिवा हिरवा झाला. मग पहिली बंद करून आवळली. एकही फोन तुटला नाही.

बिराजदारकाकांसोबत बघायला आलेले त्यांचे जोडीदार मानेकाका म्हणाले, “झाकण लाव पोरी. उद्या नारळ हितंच फोडायचाय.”

“नारळ पायरीवर फोडा. इथं थेंब पडू देणार नाही.”

“रीत हाय ती.”

“मग फोन बंद पडले की गावाला ती रीत तुम्हीच समजावून सांगा.”

दोघंही त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. मग मानेकाकांनी उद्याचा नारळ उचलला आणि पायरीवर नेऊन ठेवला.