ठरलेला आकडा

"उद्याचं जग आमच्यासारख्या प्रोग्रॅमरांच्या हातात हाय," असं म्हाताऱ्या रेवणप्पांनी हुमनाबादच्या स्टँडवर जाहीर केलं आणि लॅपटॉप उलट्या बाजूनं उघडायची खटपट सुरू केली. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या मॅडमनी तो सुलटा करून दिला. मागच्या बाकावर गाडीची वाट बघणाऱ्या भगवानरावांनी पेपर तोंडापुढं धरला. त्यानं ऐकायला बरं पडतं.

"कॉम्प्युटरची सी भाषा शिकायलोय, मॅडम. पयला गेम बी केलो. मशीन मनात आकडा धरतंय, आपण वळखायचा. चुकलं की म्हनतंय, 'अप्पा, जरा वर चला', न्हाईतर 'अप्पा, जरा खाली या'."

"छान की! कोड बघू... अण्णा, हे तर दर खेपेला एकच आकडा धरतंय."

"व्हय. धरू द्या."

"मग तुमाला उत्तर ठाऊकच की. कामून खेळता?"

"मी मुद्दाम चुकतो. लगेच बरोबर सांगितलं तर शाब्बास म्हनून गप बसतंय."

"एक ओळ ऱ्हायलीय, अण्णा. मी टाकते, दर डावाला नवा आकडा येईल."

"हात लावू नगा! ते नीट करायला पोरगा येनार हाय, बेंगळूरहून."

"कवा?"

"दिवाळीला म्हनला व्हता."

"दिवाळी तर झाली की."

भगवानरावांनी पेपरचं पान उलटायचं टाळलं.

"गाडीला येळ हाय, मॅडम. एक डाव खेळा की. फकस्त लगेच एकेचाळीस म्हनू नगा."