एकतीस नंबरच्या घरात मुलगे किती

हॅलो?… हां मॅडम, बोला… मानसीच बोलतेय. घसा बसलाय, म्हणून तसा येतोय आवाज… नाही, ताप नाही. सकाळपासून नऊ घरं झाली, प्रत्येक घरी तेच बावीस प्रश्न. बसणारच की घसा.

मळवलीत… नाही, अजून स्टेशनवर नाही, गावातच आहे. खळ्यापाशी उभी आहे, इथेच जरा रेंज मिळते… हो, मशीनचाच आवाज तो. भात झोडतायत. थांबा, पलीकडे सरकते.

आता येतंय?

बॅनर? उद्याच्या परिषदेचा बॅनर कालच पोचवला मी हॉटेलवर. तुंगार्लीचं ते तळ्याकडचं… हो, त्यांच्याच मॅनेजरकडे दिला. फोल्डर, पेनं, पाहुण्यांच्या नावाच्या पट्ट्या, सगळं दिलं… मोजून दिलंय मॅडम. परदेशातले चार, दिल्लीचे सहा. उद्या तुम्ही नुसत्या या आणि बोला.

एकतीस नंबर?… काय झालं एकतीसला?

बरं… बरं… गौरव म्हणतो चूक आहे… अहो, गौरवला कॉम्प्युटरवर कुठे लाल दिसलं की चूकच वाटते. परवा मला विचारतो, या गावातल्या सगळ्या सुनांपुढे 'स्थलांतरित' कसं लागलं? म्हटलं बाबा, जन्मगाव सोडून सहा महिन्यांच्या वर दुसरीकडे राहिला तो स्थलांतरित, ही व्याख्या मॅडमचीच आहे. लग्न करून आली म्हणजे त्यात आलीच ती… हो, बायका पण हसल्या. एक म्हणाली, मंग आमी येकदाच हललो, तुमी तर रोज हलताय.

नाही नाही, विषय नाही बदलत. सांगते.

सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, आठ वर्षांपूर्वी, मुलगे दोन. दुसऱ्या फेरीत एक. आणि आजच्या फॉर्मवर, ज्याचा फोटो मघाशी पाठवला, परत दोन… हो. तिन्ही फॉर्म माझ्याच अक्षरातले आहेत, मी कुठे नाही म्हणतेय… दमून नाही लिहिलं. दमलेय, ते वेगळं. फॉर्म नीट लिहिलाय.

ऐका ना मॅडम, ती चूक नाही… अहो, मुलगा मेला असता तर परत दोनात कसा आला असता?… दत्तक पण नाही. सावकाश सांगू का? तुम्ही कशाच्या तरी मध्ये असाल तर नंतर… बरं.

नाव घेऊ? नियमात बसत नाही… बरं, तुम्ही म्हणता म्हणून. धोंडाबाई. सत्तरीची बाई आहे. घरचं थोडं भात आहे. थोरला मुलगा तुंगार्लीला एका बंगल्यावर केअरटेकर. त्याला मी कामासाठी बाहेर गेलेला धरलंय, महिन्याचे पंचवीस दिवस तो तिकडेच झोपतो. त्याचा प्रश्न नाही. प्रश्न धाकट्याचा आहे. संदेश त्याचं नाव.

पहिल्या फेरीत तो घरीच होता. मला आठवतंय कारण… सांगू का, तुम्हाला आवडायचं नाही. म्हातारीनं माझं आडनाव विचारलं आणि चहा पडवीतल्या कपात दिला. कान तुटलेला कप, वेगळाच ठेवलेला. मी प्यायले आणि उठले विसळायला. तर या संदेशनं माझ्या हातातून कप घेतला आणि स्वतः विसळला. आईकडे बघत… नाही, तेव्हा नाही सांगितलं तुम्हाला. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

राहू द्या मॅडम. जुनं आहे… नाही, तुमच्यावर कशाला रागवू?

मग चार वर्षांनी, दुसरी फेरी. विचारलं, मुलगे किती? म्हातारी म्हणाली, येक. म्हटलं मावशी, मागच्या वेळी दोन सांगितले होते. तर म्हणाली, व्हते तवा व्हते, आता येकच हाय, लिही तू… लिहिलं. आपलं काम सांगतील ते लिहायचं. मग बाहेर पडताना शेजारणीनं सांगितलं, धाकट्यानं आमच्यातली मुलगी केली… आमच्यातली म्हणजे बौद्ध, मॅडम. आई म्हणाली, या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही, तू मला मेलास. गेला तो त्याच दिवशी.

तुम्हाला खरं सांगू? तेव्हा मला फार राग आला होता. तो 'एक' मी मन लावून लिहिला. म्हटलं, बरं झालं, सुटला बिचारा.

येते मावशी, ही आलेच… नाही, आमच्या मोठ्या बाईंचा फोन आहे… हो, जेवलेय मी… तीच होती मॅडम. धोंडाबाई. तिच्याच अंगणाच्या कडेला उभी आहे मी. जरा हळू बोलते.

आज? आज मी नेहमीसारखी बसले. घरात कोण कोण, वय काय. नवरा गेला तिचा श्रावणात. गेणूआबा. ते वजा केलं. मग मुलगे किती? ती तांदूळ निवडत होती, हात थांबला तिचा. म्हणाली, दोन.

हो. एवढंच, दोन.

मी म्हटलं मावशी, मागच्या कागदावर एक आहे. तर म्हणाली, दहाव्याला नदीवर पलीकडच्या अंगाला उभा व्हता त्यो. समदं उरकंस्तवर उभा व्हता, मंग गेला. मला पाटच दिसली. पर पाट बी वळकू येती गं पोराची… हो मॅडम… हो, तसंच म्हणाली… मी दोन लिहिलं.

नाही, थांबा, फॉर्म वगळू नका. विसंगत नाहीये तो. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा बाई खरं बोलली. आता उद्याच्या तुमच्या तक्त्यात खरं दर चार वर्षांनी बदललेलं चालत नसेल, तर…

हो, उर्मट वाटलं असेल. माफ करा. पाय दुखतायत, डोकं पण धरलंय सकाळपासून.

अजून आहे. हे तुम्हाला चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. बसलाय ना तुम्ही?

तळेगावाकडच्या वराळ्याची जी आपली दुसरी यादी आहे, बाहेरून राहायला आलेल्यांची… हो, कंपन्यांच्या बाजूच्या नव्या बिल्डिंगा. त्यात दोनशे बारा नंबर. दुसऱ्याच फेरीत, मळवली झाल्यावर पंधरा दिवसांनी मी तिथे बेल वाजवली. दार उघडलं ते संदेशनं.

हो मॅडम. तोच.

नाही, मी शोधत नव्हते, यादीत नंबर आला म्हणून गेले. त्यानं मला लगेच ओळखलं. मी पण. बायको होती, प्रेरणा, तिनं पाणी दिलं. मी फॉर्म काढला. मूळ गाव? म्हणाला, मावळातलंच, कुठलं तरी लिहा. वडील? आहेत. आई? …नाही.

'नाही' म्हणाला. पंधरा दिवसांपूर्वी मी त्या आईच्या अंगणात बसून 'मुलगा एक' लिहून आले होते. आणि इथे 'आई नाही' लिहिलं. दोन्ही माझ्याच पेनानं. तो माझ्याकडे बघत होता, मी कागदाकडे.

का नाही सांगितलं म्हणजे? तुमच्याच पुस्तिकेत आहे ना, एका घरचं दुसऱ्या घरी बोलू नये, नाव घेऊ नये, ओळख दाखवू नये. पहिल्या दिवशी शपथेसारखं म्हणवून घेतलं होतंत आमच्याकडून. मी पाळलं. चार वर्षं पाळलं. घरी आईला पण नाही बोलले… तुम्हाला सांगायला हरकत नव्हती हे आता म्हणताय. तुमच्याकडे नंबर जातात मॅडम, माणसं माझ्याकडे राहतात.

नाही. धोंडाबाईला काहीच नाही सांगितलं. आजही नाही… तिनं पत्ता मागितलाच नाही. तेच तर सांगतेय. तिनं फक्त विचारलं, तू त्या भायेरून आल्याल्या लोकांच्या घरी बी जातीस न्हवं, तळेगावाकडं? म्हटलं, जाते. म्हणाली, समदे कागद येकाच गठ्ठ्यात बांदत्यात का? मी म्हटलं, हो, शेवटी एकाच गठ्ठ्यात. मग म्हणाली, मंग नीट लिही. दोन लिही. माजा कागद त्याच्या कागदाशेजारी पडू दे.

काय मॅडम?… परत बोला.

सरळ निरोपच का नाही पाठवला म्हणता?

गावात कुणाच्या हाती निरोप पाठवला असता की तिनं. पण मग गावभर होतं, थोरला भांडतो. मी दर वेळी म्हणते ना, मावशी, तुमचं बोलणं कागदाबाहेर जाणार नाही. तेवढंच तिनं धरून ठेवलंय. तिला वाटतं, कागद आहे म्हणजे आतल्या आत पोचेल.

मी गप्प बसले. पण गप्प बसलेलं पण कळतं मॅडम. माझ्या तोंडाकडे बघितलं तिनं, उठली, आत गेली आणि चहा घेऊन आली. घरातल्या पेल्यात. स्वतःला पण तसलाच पेला… नाही हो, मला काही भरून वगैरे नाही आलं. आठ वर्षांनी एक पेला. मला नुसता थकवा आला. प्यायले, बरा होता चहा.

उद्या दुपारी वराळे आहे… हो, दोनशे बारा त्यातच आहे.

का? गौरवला का?… मी त्यात अडकले आहे, मान्य. माझ्या मनात पूर्वग्रह आहे, हेही मान्य. गौरव जाईल तर काय होईल सांगू? दार उघडेल, तो विचारेल, वडील? 'नाही'. आई? 'नाही'. दोन खुणा करेल आणि पुढचा प्रश्न घेईल, घर भाड्याचं की स्वतःचं. वीस मिनिटांत बाहेर. म्हातारी इथे कागद शेजारी पडायची वाट बघत बसेल. पुढची फेरी चार वर्षांनी. तेव्हा तिला कुणी विचारायला राहील की नाही, कुणास ठाऊक.

नाही, निरोप नाही देणार मी. पत्ता इकडे नाही, निरोप तिकडे नाही. त्याला आईला सापडायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे, ते मला पण कळतं. माझ्या नात्यातली असती प्रेरणा, तर मीच म्हटलं असतं, जाऊ नको बाई तिकडे… हो. दोन्ही बाजू वाटतात मला. म्हणून तर डोकं धरलंय.

पुस्तिका आहे का तुमच्याजवळ? पान अकरा काढा… मला पाठ आहे. 'उत्तर आधीच्या माहितीशी जुळत नसेल, तर तोच प्रश्न न रागावता, न सुचवता, पुन्हा विचारावा.' तुम्हीच लिहिलंय ते. आता एकतीसमध्ये दोन आहेत. दोनशे बारामध्ये आई नाही. जुळत नाही ना? गौरवलाच जुळत नाहीये, लाल दिसतंय त्याला. मग मी पुन्हा विचारायला बांधलेली आहे.

एवढंच करणार. सहावा प्रश्न, वडील आहेत का? तो 'नाही' म्हणेल, तेव्हा मी जरा थांबेन. मग सातवा, आई आहे का? 'नाही' म्हणाला, तर पान अकराप्रमाणे पुन्हा एकदा विचारेन. बाकी अवाक्षर नाही.

मग काय, तरी 'नाही' म्हणाला तर 'नाही' लिहीन. माझा काही इलाज नाही. पण दोनदा विचारलेलं त्याला कळेल. बावीस प्रश्नांत मी एकच प्रश्न दोनदा विचारला, हे त्या मुलाला कळेल मॅडम. कप विसळणारा मुलगा आहे तो.

हॅलो?… हो, आहे… विचार करा, करा. पण बॅटरी सहा टक्के आहे.

…हो मावशी, झालं, झालंच बोलणं. आमच्या बाई विचारतायत तुमच्या कागदाबद्दल… नाही हो, चूक नाही झाली. नीट लिहिलाय, दोन लिहिलेत… हो, शेजारीच ठेवतात, सांगते त्यांना.

ऐकलंत ना?… मग काय सांगायचं तिला मी?

बरं… बरं… म्हणजे एकतीस ठेवताय यादीत? दोनच ठेवायचे? गौरवला तुम्ही सांगा, माझं ऐकत नाही तो.

आणि वराळे?… मीच जाऊ?… नक्की?

तक्त्यात त्या दोन घरांचं काय दाखवणार उद्या?… रिकामं? पाहुण्यांनी विचारलं तर?… काम चालू आहे म्हणाल. बरं. तेही खोटं नाही.

काय? परत बोला मॅडम, मशीन सुरू झालं… पान अकराला काय जोडायचंय?… लिहून घेऊ? पेन बॅगेत आहे, तुम्ही सांगा, लक्षात राहील…

तीनदा?

…हो. हो मॅडम, कळलं. तीनदा विचारते. मध्ये थांबून थांबून…

मॅडम?… हॅलो?…

गेली बॅटरी. मावशी, तुमच्याकडे चार्जर आहे का हो?